मुंबईची भराई

"बेटी, मोटर उघडल्याबिगर भराई कोनाची ते बोलू नये," फकीर मोहम्मद म्हणाला, तेव्हा विमल नुसती हसली होती.

मुंबईहून नवी तार भरून आलेली पहिली मोटर त्या दिवशी मलकापूरच्या कापसाच्या जिनात बसत होती आणि विमल फाटकाशी उभी राहून पाहत होती.

"उघडून काय पाह्याचं, चाचा? हलक्या हाताचं काम हाय. वासावरूनच समजते."

फकीर मोहम्मद जिनातला म्हातारा फिटर. विमलच्या नवऱ्याला, शंकररावाला, हाताशी धरून काम शिकवलं ते त्यानंच. महाराष्ट्र झाला त्याच साली जिनातलं वाफेचं इंजिन निघालं, विजेच्या मोटरी आल्या. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरणारा तालुक्यात एकटा शंकरराव. मालक भगवंतराव चारचौघांत त्याला 'आमचा इंजिनेर' म्हणत.

मग कुणीतरी मालकांच्या कानाशी लागलं. मुंबईची कंपनी हेच काम स्वस्तात करते, घरी माणूस कशाला पोसता? कंपनीचा या भागातला माणूस आला, रंगराव नावाचा. शंकररावाजवळ बसून त्यानं एकेक मोटर समजून घेतली, विमलच्या हातचा चहा प्याला, बाळाला बिस्कीट दिलं. त्याच आठवड्यात मोटरी मालगाडीनं जाऊ लागल्या आणि शंकररावाला फाटकातून परत पाठवलं.

तो चहा विमलच्या जिवाला लागला.

हंगाम सुरू झाला तशी ती बाळाला सासूजवळ, गोजरबाईजवळ, ठेवून जिनात बायांच्या हजेरीला लागली.

"अकोल्याच्या कालेजात शिकली, अन् कापसातला कचरा वेचाले आली व माय!" शेजारी बसून वेचणारी चांदबी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "शिकलेल्या हाताले बोंड टोचत नाही का?"

"टोचते ना," विमल म्हणाली. "म्हणून तं आली."

शंकररावाला घरबसल्या थोडंफार काम मिळू लागलं होतं. स्टेशनावरून हातगाडीवर बारदानात शिवलेली ओझी यायची. आत खोळ काढलेल्या मोटरींची नुसती लोखंडी पोटं. मागच्या पडवीत बसून तो भरायचा.

"कोनाच्या व्हय ह्या?" विमलनं एकदा विचारलं.

"शेतकऱ्यायच्या. विहिरीवरच्या," तो म्हणाला आणि पडवीचं तट्ट्याचं दार त्यानं लोटून घेतलं.

पहिल्यापेक्षा अर्ध्या दामात राबत होता बिचारा. पूर्वी काम करताना शीळ घालायचा. आता घालत नव्हता. विमल बाळाला पाजता पाजता दाराआडून ते ऐकायची, म्हणजे शीळ नाही हे ऐकायची, आणि तिचे दात एकावर एक बसायचे.

मोटरीचा वैरी म्हणजे मिठाचं पाणी, हे त्यानंच तिला लग्नानंतर कौतुकानं सांगितलं होतं.

दुपारी पट्टे थांबले. बाया भाकरी सोडायला लिंबाखाली गेल्या. विमल लोटा घेऊन मागे राहिली. दाराजवळच्या मोटरीच्या जाळीतून तिनं पाणी सोडलं. तुळशीला घालावं तसं, हळू.

सुट्टी संपली. बटण दाबताच आत निळा जाळ झाला आणि करपल्याचा वास अंगणभर पसरला. मुनीम कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत धावला. विमलनं पदर तोंडात कोंबला. बायांना वाटलं, धुरानं.

"जळाली!" घरी येताच ती म्हणाली. "मुंबईची भराई जळाली!"

शंकररावाचा घास हातातच राहिला. "कोनती? दाराजवळची?"

"कोनती का असेना."

"कोनाले लागलं तं नाही?"

"तुमाले काऊन त्यायचा एवढा पुळका येऊन राह्यला?"

"पुळका नाही व." त्यानं ताट सरकवलं. "भराई पक्की व्हती म्हणे. चाचा सांगे." उठून त्यानं हात धुतला. मग म्हणाला, "तारांवर फीत बांधाले अजून कापड दे. आता दुहेरी बांधतो."

आनंदाच्या भरात विमलनं बाळाचं आखूड झालेलं निळ्या फुलांचं झबलं टरकावलं आणि त्याच्या चिंध्या करून दिल्या.

पुढे जिनात बोलणं सुरू झालं. अजून एक मोटर गेली तर मालक शंकररावाला परत बोलावणार. मुनीमच म्हणाला, "घरचा मानूस सोडून मुंबईच्या मांगं लागलो, घ्या आता."

अजून एकच.

भरून परत आलेली मोटर दाराजवळ बसली. विमलनं दोन दिवस तिला चालू दिलं, मग दुपारच्या सुट्टीत लोटा रिकामा केला.

या वेळी रंगरावालाच बोलावून घेतलं. अंगणात माणसं गोळा झाली. भगवंतराव खुर्ची टाकून बसले.

"मुंबईची म्हणून घेतली ना आमी, रंगराव? आता उघडा आमच्यासमोर."

रंगराव घामाघूम झाला होता. बोल्ट काढता काढता त्याची नजर बायांमध्ये उभ्या विमलवर गेली आणि तिथंच अडकली. विमलनंही नजर खाली घेतली नाही. हे डोळे असे पाहण्यासाठीच तर तिनं कापसातला कचरा वेचला होता.

"भराईत खोट दिसत नाही, मालक," तो अखेर म्हणाला. "पन दोनदा जळाली, माह्या तोंडाले काळं लागलं. ज्यानं भरली, त्याले आजपासून माह्याकडं काम नाही. कुठंच मिळणार नाही, अशी यवस्था करतो."

विमल पुढे घुसली. फकीर मोहम्मदनं तिचा दंड धरला.

"बेटी, तू नोको पाहू."

तिनं हात सोडवून घेतला.

रंगरावानं मोटरीच्या पोटातून जळक्या तारांचा वेढा ओढून काढला. त्यावर दुहेरी बांधलेली फीत अर्धी कोळसा झाली होती. उरलेल्या अर्ध्या फितीवर निळी फुलं होती.