शंभर वेळा तपासलं

“साहेब, अहवालात तुम्ही खोटं लिहिलंय,” यामिनी भर मीटिंगमध्ये म्हणाली.

दवाखान्यात जाणाऱ्या सलाइन पंपाचं सॉफ्टवेअर ती संगणकातल्या आभासी पंपावर तपासत होती. पडद्यावर पंप विचारायचा, ‘थांबू का?’ ती ‘हो’ टाइप करायची. पंप ढिम्म. तीन दिवस तिने कीबोर्ड बदलले, सेटिंग उलटीपालटी केली, तरी तेच. साहेब जाता-येता टोमणे मारायचे, “कळ दाबायची असते, बाई! उद्यापर्यंत जमलं नाही तर दुसरी नोकरी बघा.”

आज सकाळी त्या आभासी पंपाच्या एका फाइलीत तिला ओळ सापडली: ‘टाइप केलेलं आत घेऊ नये.’ शेजारी साहेबांचीच टीप होती, ‘डेमोत पाहुण्यांनी भलतंच काही दाबू नये म्हणून.’ तारीख मार्चची. आणि एप्रिलच्या अहवालावर त्यांचीच सही: ‘थांबण्याची आज्ञा शंभर वेळा तपासली. ठीक.’

“विसरलो असेन टायपिंग परत चालू करायला,” साहेब हसले. “एवढं काय त्यात?”

“त्यात माणसाच्या हातातली सुई आहे, साहेब. पंपात ‘हो’ शिरतच नव्हतं, मग तो शंभर वेळा थांबला कसा? सांगा, मी उभी आहे.”