वापराचं वाक्य

आमचे हे शब्दकोश करतात. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्दाचं मूळ, अर्थ, वापराचं एक वाक्य आणि ते वाक्य वर्तमानपत्रात कधी छापून आलं ती तारीख. आजवर त्यांनी एकही वाक्य मनचं घातलेलं नाही. छापील पुरावा नसेल तर माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत!

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कोपऱ्यावरच्या बागेतही कधी नेलं नाही. परवा मात्र आपणहून म्हणाले, "रविवारी तलावावर जाऊ. दोघंच. होडी सांगून ठेवलीय." मला काय करू नि काय नको असं झालं.

आज त्यांचं टेबल आवरताना नवं कार्ड दिसलं. 'सहल. मूळ अरबी, सोपं या अर्थी. मौजेसाठी केलेला छोटा प्रवास.' खाली वाक्य होतं, 'तलावावर सहलीला गेलेल्या जोडप्याची होडी उलटली. पत्नी बुडाली, पती बचावला.'

"अहो, हे वाक्य मनचं घातलंत की काय?" मी हसतच विचारलं.

"छे! खाली तारीख आहे, बघ की," मान वर न करता ते म्हणाले.



तारीख येत्या सोमवारची होती.