चपला हातात घेऊन
अरे, आळस शिकावा तर बोनकोड्याच्या त्या खोलीत! रूममेट एलिया आणि शांतवन रविवारचं चर्चसुद्धा झोपेपायी बुडवायचे. आणि आता एलिया रोज पहाटे चपला हातात घेऊन सटकतोय, म्हणे प्रार्थनेला! शांतवनला पटेचना. पहाटे बाहेरगावचा एसटीडी फोन स्वस्त असतो, हा नक्की पोरीला फोन लावतो! शेवटी गेला मागोमाग. एलिया पीसीओचा फोनबूथ ओलांडून थेट चर्चच्या बंद दाराशी गेला आणि पायरीवर डोळे मिटून बसला. शांतवन उखडलाच. “खरंच प्रार्थना? मग घरातून चोरासारखा का पळतोस, भावा?” एलिया ओशाळला. “आवाजानं तू जागा झालास की म्हणतोस, ‘झोप रे, देव कुठं पळतोय?’ आणि मी लगेच आडवा होतो. दरवेळी.” शांतवननं मागं वळून पाहिलं. खोलीतलं अंथरूण अजून गरम असेल. एवढ्यात मोठ्ठी जांभई आली. त्यानं ती गिळली आणि तो एलियाशेजारी टेकला.