चुनखडीतला पंजा

इजिप्तमधल्या मिन्या शहराजवळच्या चुनखडीच्या खाणीत वानीस आपल्या मुलीच्या, विरीनाच्या थडग्यासाठी दगड पारखत होता. नाईलच्या धारेत विरीनाचा हात आपल्या हातून निसटला, असं त्याने बायकोला सांगितलं होतं.

हातोडीखाली दगड निर्दोष दगडासारखा खणखणीत वाजला, आणि तरीही दुभंगला. आत शिंपल्यांच्या थरात एका चिमुकल्या पंजाचा ठसा होता. करंगळी वाकडी, विरीनाची होती तशीच.

"ही माझी पोर," वानीस पुटपुटला.

"काका, असं काय करता?" जोडीदार गिरगिस कळवळला. "हे शिंपले समुद्रतळाशी साचले, तेव्हा माणूस जन्मलाही नव्हता."

वानीसने दुसरा तुकडा उलटवला. त्यात मोठा पंजा होता, अंगठा नसलेला. वानीसचा अंगठा करवतीने कधीच नेला होता.

ठशातली चारही बोटं सरळ होती, मुद्दाम हात सोडावा तशी.