काय ऐकू येते?

“काय ऐकू येते?” नत्थूजींनी विचारलं.

लाल गाडीचं बॉनेट उघडं होतं, इंजिन सुरू होतं. बारा सिलिंडर, वय पन्नास. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून नत्थूजी वाकले होते. वर्षाली आठ वर्षांची होती तेव्हापासून बाबा तिला हेच विचारत आले होते. ती सांगायची, ते मान हलवायचे आणि पान्हा उचलायचे. बोरगाव मेघेच्या गॅरेजमधली तिची खरी शाळा ती.

पण आज शेजारी पियुष उभा होता. गाडी त्याच्या आजोबांची. आजोबा गेले, आता मर्जी त्याची.

“तुमीच सांगा, बाबा,” ती हसून म्हणाली. “आज परीक्षा तुमची हाय.”

नत्थूजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग “बरोबर हाय” म्हणाले आणि इंजिन बंद करून त्यांनी बॉनेट लावलं.

देवळीजवळचा तो नवा रस्ता अजून खुला झाला नव्हता. पियुषनं एका सकाळची परवानगी काढली होती. त्याची विजेवरची नवी गाडी आत्ताच त्यावरून चारशे मीटर पळून आली होती. दहा सेकंद. आवाज म्हणाल तर छतावरच्या पंख्याएवढा. काका, हिच्यापुढे उभे नका राहू, ही सांगून येत नाही, असं तो म्हणाला होता. नत्थूजी जरा उशिरानंच हसले होते.

अट पियुषचीच. लाल गाडीनं तेवढंच अंतर पंधरा सेकंदांच्या आत कापलं, तर तिचं इंजिन राहील. नाही तर ते काढून आत विजेची मोटर बसेल. वरून गाडी तशीच दिसेल. त्यानंतर घरी दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं आणि ते नत्थूजींना कळलं नव्हतं.

पियुष दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला. वर्षालीनं पट्टा आवळला, इंजिन सुरू केलं आणि कान दिला. अकरा सिलिंडर सुरात होते. बॉनेट लावताना काही हललं असावं, एक मधूनच ठसकत होता. इतका उघड, की रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळावं. मग बाबांना कसं नाही कळलं?

ते काचेपलीकडे शांत उभे होते. तिला रागच आला. थकले आता, दुसरं काय. तिनं डावीकडे हात केला आणि तीन बोटं दाखवली.

नत्थूजींनी हातानंच इंजिन बंद करायला सांगितलं, बॉनेट उघडलं आणि डावीकडच्या ओळीतल्या तिसऱ्या प्लगची ढिली वायर अंगठ्यानं दाबून बसवली.

“जाय,” म्हणाले. मग रस्त्याकडे पाठ करून, सोयाबीनच्या शेताकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. त्यांच्याच्यानं बघवणार नव्हतं.

ती सुटली. दुसरा गियर, तिसरा. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. दात तिचे वाजत होते की गाडीचे, कळत नव्हतं. पल्याड पियुष मोबाईलमधल्या आकड्याकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

“चौदा पूर्णांक आठ,” तो म्हणाला. “राहू द्या इंजिन, ताई.”

परत येताना तिनं गाडी मुद्दाम गर्जत आणली. बाबांच्या मागे दहा पावलांवर थांबली आणि पाय दाबला. बाराही सिलिंडर एकदम ओरडले. शेतातले बगळे उडाले.

नत्थूजी हलले नाहीत.

तिनं पुन्हा पाय दाबला. मग इंजिन सुरूच ठेवून ती उतरली, चालत जवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते दचकले. डोळे उघडून म्हणाले, “काऊन उतरली, पोरी? गाडी सुटत काऊन नाई?”

इतकी वर्षं तिला वाटत होतं, बाबा परीक्षा घेतात. ते विचारत होते.