हार्टवालं मीठ

रूथने डबा उपडा केला आणि उरलंसुरलं मीठ थेट मोरीत ओतलं. वरून नळ सोडला. तरी समाधान होईना, म्हणून डबाच घासायला घेतला.

"त्या डब्याने तुझं काय घोडं मारलंय?" सॅम्युअल टेबलापाशी बसून म्हणाला. दोघं आत्ताच दवाखान्यातून आले होते, त्याच्या पायात अजून बूट होते.

"तू बोलूच नकोस," ती म्हणाली. आणखी एक शब्द बोलली असती तर रडली असती.

मीठ साधंसुधं नव्हतं. उन्हाळ्यात सॅम्युअलला अटॅक आला, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, आणि रूथने गिरगावातली दुकानं पालथी घालून हे कमी सोडियमचं, खास हार्टवाल्यांचं मीठ शोधून आणलं. त्याच्या जेवणाचा टोप वेगळा, डाव वेगळा, मीठही वेगळं. त्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर गाठ तिच्याशी होती.

आज सकाळी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून मनवाने आधी मिठाचंच विचारलं. मनवा गल्लीतलीच मुलगी, आता डॉक्टर. रूथने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आणि मनवा खुर्चीतून उठलीच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, म्हणाली, आणि अंकलच्या गोळ्या ते शरीराबाहेर पडू देत नाहीत. फार साठलं की हृदयाचे ठोके चुकतात, कधी थांबतातसुद्धा. तिने तिथल्या तिथे ईसीजी काढला. तो ठीक निघाला. एक गोळी बदलली, परवा पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. ते मीठ आजपासून बंद, साधंच घाला, पण चिमूटभर. वेळेवर आलात, म्हणाली.

रूथ डबा घासतच राहिली. देवाने अटॅकमधून परत दिलेला माणूस, आणि आपणच त्याला रोज प्रेमाने वाढून वाढून... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना.

आणि त्याहून खटकत होतं ते वेगळंच. निघताना मनवा सहज बोलून गेली होती, हे मीठ कडवट लागतं, अंकल कधी काही बोलले नाहीत?

डबा पालथा घालून रूथ वळली. "कडू लागायचं?"

सॅम्युअल बुटाच्या नाडीत फारच गुंतला. "थोडं."

"खरं सांग."

"कारलं बरं."

इतके महिने हा माणूस ताट चाटूनपुसून साफ करत होता. रोज मस्त झालंय म्हणत होता. तक्रारीचा ब्र काढला नव्हता. तो ओला डबा त्याच्या डोक्यात घालावा असं रूथला वाटलं.

"का नाही बोललास?"

त्याने बूट काढून बाजूला ठेवले. "लग्न झाल्यापासून तू वाढायचीस आणि आत निघून जायचीस. हॉस्पिटलातून आलो तेव्हापासून समोर बसायला लागलीस. शेवटच्या घासापर्यंत. कडू आहे म्हटलं असतं, तर उठून पुन्हा गॅसपाशी गेली असतीस."

रूथला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण जमलं नाही. वेड्यासारखा जीव होता तिचा या माणसावर, आणि हा तोंड न उघडता मरायला निघाला होता. यापुढे मनात ठेवायचं नाही, तिने बजावलं, खुपेल ते सांगायचं. त्याने मान डोलावली. ती तर तो नेहमीच डोलवायचा.

तिने बोंबलाचं कालवण केलं. बॉटल मसाला, साधं मीठ, तेही हात आखडून. ताट वाढलं आणि समोर बसली. सॅम्युअलने घास घेतला, तिच्याकडे पाहिलं, सवयीने हसला.

"मस्त."

"सॅम्युअल."

त्याने दुसरा घास घेतला. या वेळी नीट चावला. रूथच्या कालवणाला नाव ठेवायला अख्ख्या वाडीत आजवर कुणी धजलं नव्हतं.

"मीठ अगदीच कमी आहे," तो दबकत म्हणाला. "आणि मसाला कच्चा राहिलाय."

रूथचे डोळे भरून आले. ती उठली नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेत तिने विचारलं, "आणखी?"