तिसऱ्या मशीनवरची मुलगी

"परत लाव," बुरुल म्हणाली. "मोठ्यावर नको. आधी साध्यावर."

कुबातने रिमोट उचलला. नारीन गावच्या बाजारात त्याचं टीव्हीचं दुकान होतं आणि कुणाला मोठ्यावरून साध्यावर आणायचं म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. पण बुरुल काही विकत घ्यायला आलीच नव्हती. ती एक चेहरा बघायला आली होती.

सकाळच्या बातम्यांत राजधानी बिश्केकचा एक शिवणकारखाना दाखवला होता. मालकीण कॅमेऱ्यासमोर बोलत होती आणि तिच्या मागे, तिसऱ्या मशीनवर, एका मुलीने क्षणभर मान वर केली होती. बुरुलच्या घरच्या जुन्या टीव्हीवर चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दिसला. तेव्हा ती चूल तशीच टाकून धावत सुटली. संध्याकाळी तीच बातमी पुन्हा लागणार होती.

तिची मुलगी मीरीम नाहीशी झाल्याचं साऱ्या नारीनला ठाऊक होतं. हिवाळ्यात गावातल्या तालायने तिला तिथल्या रीतीप्रमाणे, न विचारता, लग्नासाठी उचलून नेलं, त्याच्या घरच्या बायकांनी तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, लग्न लागलं. बर्फ वितळलं आणि एका सकाळी सून घरात नव्हती. तालायने आणि त्याच्या भावांनी बिश्केकची गल्ली न् गल्ली पालथी घातली. बुरुल तर वाळून काडी झाली. तिला बघून बाजारातल्या बायकांचा जीव तुटायचा.

इंटरनेटवरून लावलेल्या त्या बातमीत, साध्या टीव्हीवर, मालकीण बोलू लागली. कुबातने चित्र थांबवलं. तिसऱ्या मशीनवर रुमालाखाली एक चेहरा होता. बाकी काही सांगता येत नव्हतं.

"अशा पोरी काय, ढिगाने असतील," कुबातची बायको नाझगुल चहा ओतत म्हणाली.

"हो ना?" बुरुल चटकन म्हणाली. "कुणाचीही असेल."

"आता या मोठ्यावर बघा, एजे," कुबात म्हणाला. थोरली बहीण मानून तो तिला एजेच म्हणायचा. "फोर के आहे. मेंढीच्या अंगावरची लोकर मोजून घ्या."

"काही फरक नसतो," नाझगुल म्हणाली. "आमच्याकडे आहे ना घरी. पलंगावर बसून मला तरी दोन्ही सारखेच दिसतात. हा उगाच लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो."

"तुला चष्मा लागलाय, ते सांग आधी."

बुरुलने नाझगुलचा हात धरला. "खरंच फरक नसतो? नीट सांग, बाई. घरात माणसं जशी बसून बघतात, तसं बसून?"

"नाही कळत लांबून. कशाला खोटं बोलू?"

कुबातच्या पोटावरच पाय आला होता. त्याने मोठा टीव्ही लावला. बुरुल मागे मागे सरकत भिंतीपाशी गेली, धुलाई मशीनना पाठ टेकेपर्यंत. तिथून तिने पाहिलं.

"इथून नाही ओळखू येत," ती म्हणाली आणि एका खोक्यावर मटकन बसली.

नाझगुलने तिच्या हातात चहा दिला. निम्मा चहा मांडीवर सांडला. तिला त्याचं भानही नव्हतं.

"तालायने टीव्ही घेतला तो हाच का रे?" तिने विचारलं.

"हाच. परवा मीच बसवून आलो. त्याचे वडील कोक-बोरूचा सामना लागला की काचेला नाक लावून बसतात, कोणाच्या घोड्याने कोणाला ढकललं ते बघायला." कुबात थबकला. "मग तिकडेच जायचं होतं ना, एजे. जावयाचंच घर."

"तिथे पाय टाकवत नाही."

"कसा टाकवेल," नाझगुल हळहळली.

कुबात बोलघेवडा असेल, पण माणूस वाईट नव्हता. बुरुलचं ते खोक्यावर बसणं त्याला बघवेना. तो रिमोटशी खटपट करू लागला. इंटरनेट रडतखडत चालत होतं म्हणून टीव्ही आपणहून हलकं चित्र दाखवत होता. त्याने सगळ्यात वरचं निवडलं आणि वाट बघत उभा राहिला.

"आणि असं लांबून कोण बघतं, एजे? आपलं माणूस दिसलं की कोणीही उठून जवळ जातं."

त्याने तिला दंडाला धरून उठवलं. ती पाय ओढत आली.

चित्र आता लख्ख होतं. रुमालाला चिकटलेला दोरा दिसत होता, वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. डाव्या भुवईत जुन्या जखमेची पांढरी रेघ होती.

नाझगुलने किटली खाली ठेवली. "अगं बाई. शाळेच्या पायरीवर पडली होती तेव्हाची खूण. मीच उचललं होतं तिला. ही मीरीमच आहे."

बुरुलने पुढे होऊन काचेवर तळवा ठेवला. चेहरा तळव्याखाली झाकला गेला. मग तिचा बांध फुटला. इतके महिने जिच्या डोळ्यांत कुणी टिपूस पाहिलं नव्हतं, ती बाई टीव्हीला धरून ओक्साबोक्शी रडली.

"जिवंत आहे, एजे," नाझगुलही रडत म्हणाली. "आता कशाला रडता? सापडली."

कुबातने डोळे पुसत खिशातून फोन काढला. "तालायला कळवतो. बिचारा आनंदाने वेडा होईल."

बुरुलने त्याचं मनगट घट्ट धरलं. "तू नको. मी सांगते. असली बातमी आईच्याच तोंडून जाऊ दे."

"बरोबर आहे," कुबात म्हणाला आणि त्याने फोन खिशात ठेवला.

बुरुल दुकानाच्या मागे आली. तिथे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, माणूस कोणी नव्हतं. दोनदा आकडे चुकले. तिसऱ्यांदा फोन लागला. पलीकडे खूप गलका होता, तिला मोठ्याने बोलावं लागलं.

"मीरीम," ती म्हणाली, "मशीन तशीच सोड आणि मागच्या दाराने पळ, पोरी. संध्याकाळी तालायच्या घरात तू स्पष्ट दिसणार आहेस."